को-पायलटनं नुसतं सांगावं, का दांडा हातात घ्यावा?

दारव्हेकर मास्तर
मागच्या आषाढात सोयाबीनवर तणनाशक मारायचं होतं. चिठ्ठीवर पंपाला 40 मिली लिहिलेलं, अन् मी बांधावरून ओरडलो, "80 टाक." गड्यानं 80 टाकलं. तणासोबत अर्धा एकर सोयाबीनही पिवळं पडलं. मग तो म्हणतो, "मले वाटलंच होतं मास्तर, पन तुमी म्हनले." आधी त्याच्यावर चिडलो, रात्री स्वतःवर.

हे आठवलं ते भाचीमुळे. ती गोंदियाजवळ बिर्सीला विमान चालवायला शिकते. सुट्टीत आली तेव्हा पॅसिफिकमधल्या गुआम बेटावरच्या विमान अपघाताचं सांगत होती. 6 ऑगस्ट 1997, कोरियन एअरचं 747, रात्रीची वेळ, पाऊस. उतरणीची रेषा दाखवणारी जमिनीवरची यंत्रणा, म्हणजे ग्लाइडस्लोप, तेव्हा बंद होती. तसं आधीच कळवलेलंही होतं. तरी कॅप्टनच्या डोक्यात ती चालू असल्याचा घोळ. विमान ठरलेल्या उंचीखाली उतरत गेलं. शेजारी को-पायलट, मागे फ्लाइट इंजिनिअर. "मिस्ड अप्रोच" (उतरणं सोडून परत वर जायचं) हे शब्द को-पायलटच्या तोंडून निघाले ते टेकडीवर आदळायच्या जेमतेम सहा-सात सेकंद आधी. 254 पैकी 228 माणसं गेली.

अन् मंगळूर तर आपल्याच देशातलं. 22 मे 2010. विमान हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. को-पायलटनं "गो अराउंड" (उतरू नका, परत वर घ्या) असं तीनदा म्हटल्याची नोंद आहे. कॅप्टन उतरवतच गेला. 158 मेले, 8 वाचले.

माझं मत सरळ आहे. दोनदा सांगून वरचा ऐकत नसेल तर खालच्यानं विमान चालवायचा दांडा हातात घ्यावा, आणि त्यापायी त्याची नोकरी जाणार नाही हे लेखी असावं. तुम्हाला काय वाटते?

पुसदचा पोट्टा
मास्तर, पटलं नाही. सगळं खापर "साहेब-गडी" नात्यावर फोडायची फॅशन झाली आहे. दोघंही खुल्या मनाचे असले अन् आकडाच खोटा असला, तर?

पॅरिस, 23 मे 2022. एअरबस ए320 विमान उतरत होतं, पाऊस, खालचं दिसत नाही. विमानातलं उंचीचं मीटर खरं तर उंची मोजतच नाही, ते हवेचा दाब मोजते. चिखलदऱ्याला गेल्यावर चिवड्याचं पाकीट फुगते ना, तोच दाब. म्हणून त्या दिवशीचा दाब जमिनीवरून विमानांना सूचना देणारा कंट्रोलर सांगतो आणि पायलट तो मीटरमध्ये लावतो. खरा दाब होता 1001, कंट्रोलरनं सांगितला 1011. पायलटनं नियमाप्रमाणे "1011" असं परत म्हणून दाखवलं. कंट्रोलरला त्यात काही चुकलेलं वाटलं नाही, कारण चूक त्याचीच होती. एका आकड्यामागे 28 फुटांच्या आसपास फरक पडते, म्हणजे दहाचे 280 फूट. मीटर सांगत होतं आपण वर आहोत, आणि विमान धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे जमिनीपासून फक्त 6 फुटांवर आलं होतं.

आता सांगा, कोणी कोणाचा दांडा ओढायचा? तुमच्या चिठ्ठीवरच 80 लिहिलं असतं तर गडी कितीही शूर असून काय कामाचा?

राळेगावचा कास्तकार
आमच्या गावात यष्टी टायमावर येत नाई अन् तुमी इमानाच्या गोष्टी करून राह्यले. चालू द्या.

दारव्हेकर मास्तर
@राळेगाव, भाऊ, एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. यष्टी पकडून बेलोऱ्याला जा.

@पुसद, पॅरिसचं मान्य. पण ते वाचले कशानं? मीटरवर शेवटची हद्द आली, धावपट्टी दिसली नाही, आणि "दिसत नाही तर वर" हा नियम त्यांनी पाळला. रेटून खाली गेले नाहीत. गुआमला नेमकं हेच झालं नाही.

पुसदचा पोट्टा
नियमानं वाचवलं, तोंडानं नाही. हेच तर म्हणून राह्यलो मी!

बडनेरा लोको (निवृत्त)
मी इंजिनवर नोकरी काढली आहे, विमानातलं मला कळत नाही. पण आमच्यात सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं म्हणायचं, मी हात दाखवून तेच परत म्हणायचं. हिरवा असला तरी म्हणायचं. नवीन पोरांना वाटायचं, हा काय येडपटपणा, दोघांनाही दिसतो ना! पण रोज शंभरदा तोंड उघडायची सवय असली की चुकीच्या दिवशीही तोंड उघडते. त्याला शौर्य लागत नाही. मास्तरांच्या गड्याला वर्षभर कोणी काही विचारलंच नसेल, मग त्या एका दिवशी तो कसा बोलणार?

आमच्या वेळचा चरखी दादरीचा अपघात आठवा. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीला उतरणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, समोरून सौदी विमान 14,000 वर. कझाक विमान खाली घसरलं, 349 जीव गेले. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा माणूस, चालवणारे वेगळे. ऐकणारा एक, करणारा दुसरा, आणि मधल्या मधे आकडा सांडला.

पुसदचा पोट्टा
काका, तुमच्या शब्दाबाहेर नाही, पण सवयीचाही रट्टा होते. तोंड "हिरवा" म्हणते आणि डोळा मोबाईलवर. 29 डिसेंबर 1972, अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न कंपनीचं विमान. पुढच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून सगळे त्या बल्बच्या मागे लागले. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट नकळत सुटला. उंची बदलल्याची घंटी वाजली, टेपवर ती ऐकूही येते. आतल्या कोणीच लक्ष दिलं नाही. विमान दलदलीत गेलं. चाकं ठीकच होती, बल्ब गेला होता.

म्हणून म्हणतो, माणसाच्या तोंडावर भिस्त नको. चरखी दादरीनंतर आपल्या देशात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं, तो खरा उपाय.

बिर्सीची भाची
मामा, मला न विचारता माझ्यावर धागा काढलात, ते घरी पाहते. आता दोघांनाही उत्तर.

"दांडा हातात घ्यावा" असं मामा फार सोपं करून सांगतात. एकाच वेळी दोघांचे हात कंट्रोलवर असणं हेच मोठं संकट असते. म्हणून ते तीन शब्दांचं असते: "आय हॅव कंट्रोल." समोरच्यानं "यू हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि हात सोडायचे. त्याच्या आधी पायऱ्या आहेत. पहिल्यांदा फक्त दिसलेलं सांगायचं, "शंभर फूट खाली आहोत." मग काय करायचं ते सांगायचं, "वर घ्या." दोन्हीला उत्तर आलं नाही तरच तिसरं. "सर, जरा पाहता का" हे यात कुठंच बसत नाही, आणि आपल्याकडच्या मुलींच्या तोंडून नेमकं तेच निघते. माझ्याही. पहिल्या महिन्यात मी 200 फूट खाली असताना सरांकडे पाहून हसले होते. त्यांनी उतरल्यावर विचारलं, "हसलीस कशाला?" उत्तर नव्हतं.

पुसदवाले दादा, यंत्रही सांगितलेलंच करते. 20 जानेवारी 1992 ला स्ट्रासबुर्गजवळ ए320 डोंगरावर गेलं, 87 मेले. चौकशीत सगळ्यात शक्य कारण हे धरलं गेलं की 3.3 अंशांचा उतार द्यायचा होता, पण बटण दुसऱ्या मोडवर होतं आणि ते मिनिटाला 3300 फूट झालं. आकडा दाखवणाऱ्या खिडकीत एका मोडला 3.3 अन् दुसऱ्याला 33, जवळपास सारखंच दिसायचं. शेजारच्यानं आकड्यासोबत "मोड कोणता?" एवढं मोठ्यानं वाचलं असतं तर?

पुसदचा पोट्टा
ताई, "असतं तर" वर पैज लावत नाही मी. दोन मोड एकसारखे दिसतील अशी खिडकी बनवलीच कशाला, हा माझा प्रश्न. नंतर ती बदलावी लागलीच ना!

बडनेरा लोको (निवृत्त)
दोन्ही लागते बाप्पा. पण खिडकी बदलायला कंपनीला वर्षं लागते, तोंड आजच्या ड्युटीला उघडता येते.

दारव्हेकर मास्तर
आज सकाळी फवारणी होती. या वादाचा परिणाम म्हणा, मी चिठ्ठी गड्याच्याच हातात दिली आणि म्हटलं मोठ्यानं वाच. तो म्हणे, "चष्मा तुमचा अन् वाचू मी?" पण वाचली. पंपाला 40 मिली. मग पंपाकडे पाहत उभा राहिला.

"मास्तर, हे चिठ्ठी 15 लिटरच्या पंपाची हाय. आपला नवा बॅटरीचा 20 चा हाय."

पुसदचा पोट्टा
म्हणजे 53 मिली. अन् चिठ्ठीवर पंपाचे लिटर लिहिलेच नव्हते ना? घ्या, खिडकीचीच चूक निघाली.

दारव्हेकर मास्तर
पण दिसली कोणाला?