जेनकॉनला पहिल्यांदाच, तेही मुलासोबत टेबलावर. अभिनय येत नाही, काय करू?

हळदीचं_पान

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, आता कोलंबसला असते. चिरंजीव चौदा वर्षांचे. गेली दोन वर्षं दर शुक्रवारी आमच्या तळघरात त्याच्या मित्रांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चालतं, म्हणजे फासे टाकत, एकेक पात्र होऊन गोष्ट रंगवायचा खेळ. माझं काम वरून पॉपकॉर्न पाठवणं आणि साडेदहाला "आता पुरे!" म्हणून ओरडणं. यंदा वाढदिवसाची भेट म्हणून इंडियानापोलिसच्या जेनकॉनचे, म्हणजे अशा टेबलावरच्या खेळांच्या जत्रेचे, चार दिवसांचे बॅज घेतले, एक त्याचा, एक माझा. मला वाटलं, तो खेळेल आणि मी कोपरा धरून पुस्तक वाचेन. पण खेळांची नोंदणी उघडली त्या दिवशी पठ्ठ्याने माझ्या नावावरही एक तिकीट टाकलं: शनिवारी संध्याकाळी सात ते अकरा, 'कॉल ऑफ कथुल्हू'. म्हणाला, "आई, एक तरी माझ्यासोबत खेळ."

आता माझी पंचाईत अशी. मी हे कधी खेळलेले नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला पडदा ओढायचं काम दिलं होतं, तोही अर्ध्यात अडकला. अनोळखी अमेरिकन लोकांसमोर चार तास कुणीतरी दुसरंच असल्यासारखं बोलायचं? वीस वर्षं झाली इथे, तरी ऑफिसात माझ्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू'वरून अजून दोनदा विचारतात. माझ्यामुळे पोराची शोभा झाली तर? शिवाय खेळ भीतीचा आहे म्हणे. गर्दीही फार असते असं ऐकलंय. कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा, धीर देऊ नका.

पेठेतला_वाटसरू

चार तास टेबलाभोवती बसून "मी आता दार उघडतो" असं म्हणायचं आणि त्याचे डॉलर मोजायचे. आमच्या कट्ट्यावर हे रोज फुकटात होतं. असो, शुभेच्छा.

संकासूर

ताई, वाटसरूंचं मनावर घेऊ नका, ते प्रत्येक धाग्यावर अशीच एक पिंक टाकून जातात.

मी नेपरव्हिलला असतो, शिकागोजवळ. २०११ पासून जेनकॉनला जातो. २०२० ला ते प्रत्यक्ष भरलंच नाही, आणि मुलगी झाली त्या वर्षी माझी जायची हिंमत झाली नाही. बाकी हजेरी चोख.

आधी अभिनयाचं बोलू. मी कुडाळ तालुक्यातला. आमच्या जत्रेला दशावतार असतो, धयकालो म्हणतो आम्ही त्याला. ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, तिथे लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता ठरतं, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, तू नारद. शेवटी मरणार कोण तेवढं पक्कं. मधलं सगळं बोलणं तिथल्या तिथे, समोरचा काय बोलला त्यावरून. जेनकॉनचं टेबल हेच आहे. फरक एवढाच की इथे शेवटही कुणाला ठाऊक नसतो, कारण तो फाशांच्या हातात.

माझे एक काका हौशी मंडळात होते. आयुष्यभर प्रधान. उंची नाही, आवाज नाही, गाणं नाही, त्यामुळे राजापार्ट कधी मिळाला नाही. पण रात्री दोन वाजता राजा बोलता बोलता अडकला, की काका हात जोडून पुढे व्हायचे: "महाराज, आज आपण चिंतेत दिसता?" झालं, राजाला धागा सापडायचा आणि पुढची वीस मिनिटं तो गाजवायचा. टाळ्या राजाला. मंडळातल्या लोकांना मात्र माहीत असायचं की आजची रात्र कुणी तारली. ताई, तुम्ही प्रधान व्हा. टेबलावर राजे भरपूर असतात, सहा जणांत चार तरी. प्रधान मिळत नाही.

आता माझी पहिली वेळ. शिकागो आणि इंडियानापोलिसमध्ये तीन तासांचा रस्ता आहे आणि एका तासाचा फरक. पहिलं मला ठाऊक होतं. दहाचा खेळ म्हणून पहाटे सहाला निघालो, आय-६५ वरच्या पवनचक्क्या बघत आरामात नऊला पोहोचलो. तिथे दहा वाजले होते! पार्किंग शोधून, बॅज घेऊन टेबलापाशी गेलो तर माझ्या खुर्चीत एक दाढीवाले आजोबा. त्यांनी जेनेरिक, म्हणजे कुठल्याही खेळाला चालणारी, तिकिटं देऊन जागा घेतली होती. तिकीटवाला वेळेवर आला नाही की असं कुणीही बसू शकतं. चूक माझीच होती. मग मीही तेच केलं. दोन डॉलरला एक अशी मूठभर जेनेरिक घेतली आणि रिकामी खुर्ची दिसेल तिथे विचारत फिरलो. अशी जागा मिळाली ती एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, कथुल्हूच्या टेबलावर. हा खेळ १९८१ सालचा आहे, एवढंही तेव्हा मला माहीत नव्हतं.

तिथे पात्र तयार मिळतं, एका कागदावर. मला आला बोस्टनचा निवृत्त पोस्टमास्तर, काळ १९२० च्या आसपासचा. प्रत्येक कौशल्यापुढे टक्के लिहिलेले. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, एक दशकाचा आणि एक एककाचा. आकडा टक्क्यांच्या आत आला तर काम जमलं. माझी पिस्तुलाची नेमबाजी होती २० टक्के. हा सगळा हिशेब समजायला दहा मिनिटं पुरतात, आणि तो समजावून सांगणं हे कीपरचं काम आहे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं. तुम्ही घरून काही पाठ करून जाऊ नका.

दलदलीच्या काठावर एक ओसाड घर. बाकीच्यांनी पिस्तुलं काढली, खिडकीतून शिरायचं की मागच्या दाराने यावर वाद सुरू. कीपर माझ्याकडे वळला: "पोस्टमास्तर काय करतात?" माझ्या डोक्यातलं इंग्रजी साफ पुसलं गेलं. गावात कुणाकडे गेलं की आम्ही खळ्यात उभं राहून हाक मारतो, "कोण आसा काय घरात?" तेवढंच सुचलं. म्हटलं, मी पायऱ्यांशी थांबतो, टोपी काढतो आणि हाक मारतो, घरात कुणी आहे का.

सगळे गप्प. कीपरने हातातले कागद खाली ठेवले. त्याच्या आख्यानात हे नव्हतंच. दोन क्षण गेले, मग तो अगदी बारीक म्हाताऱ्या आवाजात म्हणाला, "आले हं. दार लोटलेलंच आहे."

ओसाड घरातून! अजून लिहिताना काटा येतो. "सॅनिटीसाठी फासे टाका," म्हणाला, म्हणजे पात्राचं डोकं ठिकाणावर राहतं का ते बघायला. माझे पडले ९७. पुढचे दोन तास माझा पोस्टमास्तर एका म्हातारीशी टपालदरांवर गप्पा मारत होता, आणि ती बाकी कुणालाच दिसत नव्हती. खिडकीवाले राजे तीनदा गोळीबार करून आले, पण खेळ संपल्यावर जो तो म्हातारीबद्दलच बोलत होता.

उच्चाराचं म्हणाल तर इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नाही. मोठ्या दालनात एवढा गोंगाट असतो की जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांनाही "काय? परत सांग" असं विचारतात. तुमचा खेळ हॉटेलच्या लहान खोलीत असेल तर नशीब समजा. दालनात असेल तर कीपरच्या शेजारची खुर्ची धरा आणि खिशात खडीसाखर ठेवा.

गर्दी आहेच, २०२३ ला ७० हजारांवर लोक होते. १९६८ साली गॅरी गायगॅक्सने विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा गावात पन्नास डॉलर भाड्याने हॉर्टिकल्चरल हॉल घेऊन हे सुरू केलं, तेव्हा शंभरेक डोकी. त्याचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' यायला अजून सहा वर्षं होती, म्हणजे जत्रा आधी आणि देव मागाहून. पण तुमच्या टेबलावर सहाच माणसं असणार, हे लक्षात असू द्या.

भीतीचं मात्र आत्ताच तपासा. प्रत्येक खेळाच्या माहितीत किमान वय आणि किती अनुभव लागतो ते लिहिलेलं असतं. वयापुढे तेरा प्लस आणि अनुभवापुढे 'गरज नाही' असेल तर निर्धास्त जा. अठरा प्लस असेल तर मुलाला घेऊन जाऊ नका, दुसरा खेळ शोधा. बऱ्याच टेबलांवर मधोमध एक फुली मारलेलं कार्ड असतं. एखादा प्रसंग झेपत नसेल तर त्याला बोट लावायचं, कीपर कारण न विचारता पुढे जातो. मी एकदा लावलंय, लहान मुलीच्या आजारपणाच्या प्रसंगाला. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

रविवारचा_डीएम

प्रधानाची गोष्ट चोरतोय, संकासूरभाऊ. कोथरूडला आम्ही पाच जण महिन्यातून दोन रविवार मराठीत खेळतो, आणि आमच्याकडे पाचही राजेच आहेत.

ताई, मी फक्त एक सांगतो. टेबलावर तुम्ही त्याची आई नाही. आमचे वडील एकदा हौसेने खेळायला बसले आणि माझ्या जादूगाराला प्रत्येक दुकानात घासाघीस करायला लावली. "विचार, विचार, कमी करेल तो." माझा जादूगार तेव्हा तीनशे वर्षांचा होता. तेव्हा "अरे, थंडी आहे, स्वेटर घाल" वगैरे टाळा.

मेतकूट_भात

खाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कन्व्हेन्शन सेंटरबाहेर जॉर्जिया स्ट्रीटवर फूड ट्रक असतात, शाकाहारी काहीतरी मिळतं, पण दुपारच्या रांगेत एक खेळ बुडेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. आत एसी भयंकर, शाल हवीच. तिथले जुने लोक ६-२-१ म्हणतात: रोज सहा तास झोप, दोन जेवणं, एक अंघोळ. शेवटच्या आकड्याचं महत्त्व रविवारी लिफ्टमध्ये कळतं.

आणि सांगलीच्या आहात म्हणून आधीच बजावते, भडंग टेबलावर नको. दुसऱ्याच्या फाशांना तिखटाचे हात लागले तर लोक आयुष्यभर विसरत नाहीत.

हळदीचं_पान

परत आले. उशीर झाला, घसा बसला होता.

खेळ तेरा प्लस होता आणि नवख्यांसाठीच होता, तेव्हा ती काळजी मिटली. टेबल मात्र मोठ्या दालनात. मला मिळाली एक परिचारिका, प्रथमोपचार ७० टक्के. चिरंजीवांना वार्ताहर. शिवाय चार मोठी माणसं, त्यातल्या एका गृहस्थांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच द्यायची घाई. मला ऑफिसातली मीटिंग आठवली.

पण खरी गोष्ट वेगळीच. तळघरात छप्पर डोक्यावर घेणारा माझा मुलगा तिथे एक अक्षर बोलेना. पहिला तासभर नुसता कागदाकडे बघत होता. कीपरने विचारलं की खांदे उडवायचा. मला तर पोटात कालवायला लागलं. आई म्हणून बोलायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं, आणि दुसरं काही सुचेना. मग तुमचे काका आठवले. गोष्टीतल्या दीपगृहाच्या जिन्यात एक फाटकी वही सापडली होती. मी वार्ताहराकडे वळून म्हटलं, "साहेब, तुमचा रोजचा संबंध लिखाणाशी. हे कुणी घाईत लिहिलंय का हो?"

त्याने वर बघितलं. म्हणाला, "दाखवा." फासे टाकले, जमलं. आणि मग जो सुटला तो सुटलाच, त्या घाईवाल्या गृहस्थांनाही म्हणाला, "थांबा जरा, मला वाचू द्या." माझ्या 'व्ही'चं कुणाला काही पडलेलं नव्हतं. एकीने एवढंच विचारलं की हा परिचारिकेचा आवाज तू मुद्दाम काढतेस का, छान आहे. मी हो म्हणून टाकलं.

शेवटी वर दिव्यापाशी जे काही होतं ते बघून वार्ताहराची सॅनिटी गेली. तो कोपऱ्यात बसून थरथरतोय, म्हणाला. कीपरने मला विचारलं, परिचारिका काय करते? प्रथमोपचाराचे फासे पडले ८८, म्हणजे गेलं ते. डीएमसाहेब, माफ करा, पण मी म्हटलं, मी माझा स्वेटर काढून त्याला घालते. अख्खं टेबल हसलं, चिरंजीवसुद्धा. कीपरने त्याला एक सॅनिटी परत दिली, नियमात नसताना.

भडंग नेलं होतं. मेतकूटताई, चमच्याने खाल्लं. घाईवाल्या गृहस्थांनी दोनदा घेतलं.

पेठेतला_वाटसरू

चमच्याने भडंग!! असो. घरचं होतं की जयसिंगपूरहून मागवता?