मदत हवी आहे: केमोसोबत ब्लिनाट्युमोमॅब (इम्युनोथेरपीचं औषध), २८ दिवसांचा पंप घरून जमतो का?

मोठ्या भावाला (वय ४४) बी-सेल एएलएल (रक्ताचा कॅन्सर) आहे. फिलाडेल्फिया (एक जनुकीय बदल) निगेटिव्ह, सीडी१९ (कॅन्सरपेशींवरचं प्रथिन, हे औषध त्यालाच धरतं) पॉझिटिव्ह. इंडक्शन (केमोचा पहिला टप्पा) झालं, एमआरडी (उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींची तपासणी) निगेटिव्ह आला. तरी डॉक्टर पुढच्या केमोच्या मधेमधे ब्लिनाट्युमोमॅबच्या सायकल द्यायच्या म्हणतात. एमआरडी निगेटिव्ह असलेल्या मोठ्या माणसांनाही फायदा दिसलाय, अमेरिकेत २०२४ मध्ये तशी मंजुरीही आली, हे वाचलंय. त्यामुळे घ्यावं की नाही हा प्रश्नच नाही, आणि पपईच्या पानांचा रस कृपया कुणी सुचवू नका.

अडचण पंपाची आहे. औषध २८ दिवस अखंड चालतं. सुरुवातीचे दिवस भरती, पुढे घरी. आम्ही नागपुरात पारडीला, हॉस्पिटल वर्धा रोडला. त्यात उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जाते. पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेपर्यंत घातलेली नळी) आहे. ती फ्लश करायची (सलाइन सोडून धुवायची) नाही, नाहीतर आतलं औषध एकदम शरीरात जातं, असं नर्सताईंनी बजावलंय, म्हणून घरी हात लावायची हिंमत होत नाही. ताप, हात थरथरणं, बोलणं अडखळणं दिसलं की लगेच निघायचं, हे माहीत आहे. विम्याची पूर्वमंजुरी टाकली आहे.

नागपुरात कुणी हे घरून केलंय का? पिशवी किती दिवसांनी आणि कोण बदलायचं? रात्री पंपाचा अलार्म वाजला तर फोन कुणाला करायचात?