मदत हवी आहे: पद्मिनीच्या पार्टांचं दुकान बंद होतंय, काय काय उचलून ठेवू? (रविवारपर्यंत ठरवायचंय)

वारणाकाठ (गुरुवार, रात्री १०:१५)
नमस्कार मंडळी. सांगलीतलं एक जुनं स्पेअरचं दुकान बंद होतंय. मालक म्हणाले, प्रीमियर पद्मिनी मोटारीचा सगळा माल एकगठ्ठा घेणार असशील तर बोल, नाहीतर रविवारी संध्याकाळी भंगारवाला वजनावर नेणार. माझी गाडी चालू आहे, दर आठवड्याला काढतो आणि अजून पंधरा-वीस वर्षं चालवायची आहे. घरात कोणते पार्ट असलेच पाहिजेत त्याची यादी द्या. गाडी ठेवावी की विकावी ही चर्चा कृपया इथे नको.

कुर्ला_गेट (१०:३१)
साल कोणतं? पेट्रोल की डिझेलवाली १३७ डी? डायनॅमो की अल्टरनेटर? गिअरचा दांडा स्टिअरिंगवर की खाली? इंजिन कधी बोअर झालंय का, म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद केलेत का? आणि दुकानात नेमकं काय उरलंय? एवढं कळल्याशिवाय कोण काय यादी देणार?

सह्याद्रीस्वार (१०:४४)
पार्टांच्या आधी आरसी बघा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये झालंय, आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. ५० वर्षं पूर्ण झाली की २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर घेता येतो, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

वारणाकाठ (१०:५२)
आरसी चोख आहे, तो प्रश्नच नाही. गाडी १९८६ ची, पेट्रोल, दांडा स्टिअरिंगवर. दुकानात तीन रॅक भरून माल आहे, सगळा मोजत बसायला वेळ नाही. मला यादी द्या, मी तिथे जाऊन शोधतो.

उद्यमनगरकर (११:०५)
एवढी घाई कशाला? कोल्हापूर तुमच्यापासून तासा-दीड तासावर. उद्यमनगरात लेथवर काय होत नाही ते सांगा. बुश, पिन, शाफ्ट, स्पिंडल, नमुना आणून द्या, दोन दिवसांत हातात. मी स्वतः हे काम करतो. पैसे अडकवून घरात लोखंड भरून ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा बनवून घ्या.

कुर्ला_गेट (११:१४)
उद्यमनगरकर, बुश आणि पिन ठीक. टेललॅम्पची काच लेथवर होते का? पुढची काच? डिस्ट्रिब्युटर कॅप? मागच्या अॅक्सलमधले क्राऊन-पिनियन गिअर? गिअरचे दात कापून होतात, पण उष्णतेची प्रक्रिया नीट झाली नाही तर वर्षभरात खाल्ले जातात. माझ्या गाडीला एका वर्कशॉपने किंग पिन (ज्यावर पुढची चाकं वळतात) साध्या स्टीलमध्ये बनवून दिल्या होत्या. सहा महिन्यांत पुढची चाकं हलायला लागली.

उद्यमनगरकर (११:२०)
ते त्या वर्कशॉपचं काम. केस हार्डनिंग करून, म्हणजे वरचा थर कडक करून, ग्राइंडिंग केलं तर मूळच्या पिनइतकीच टिकते. काम कोणाकडे द्यायचं ते बघून द्यायला पाहिजे, एवढंच. काचेचं मात्र तुमचं बरोबर आहे.

गिरगाव_ते_गुहागर (११:३३)
आमच्या बाबांची मुंबईत टॅक्सी होती, पद्मिनीच. डिकीत कायम असायचं ते लिहिते: फॅन बेल्ट, इग्निशनचा पॉइंट सेट, दोन कंडेन्सर, रोटर, एक प्लग, रेडिएटरचा वरचा पाइप, तार आणि पाण्याचा कॅन. शिवाय एक फडकं, एसी पंप (पेट्रोल खेचणारा) तापला की ओलं करून त्यावर टाकायला. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीने त्यांना कधी ना कधी रस्त्यातून घरी आणलंय. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. २० वर्षांची मर्यादा संपली तशी २०२३ च्या ऑक्टोबरात काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. बाबा त्या आठवड्यात फार बोललेच नाहीत. तोपर्यंत कुठल्याही नाक्यावर पार्ट मिळायचे, कारण टॅक्स्या होत्या. आता दुकानदाराने माल कोणासाठी ठेवायचा? म्हणून मिळतंय तोवर घ्या, एवढंच म्हणेन.

इलेक्ट्रॉनिक_अण्णा (११:४१)
पॉइंट-कंडेन्सर साठवण्यापेक्षा ती भानगडच काढून टाका. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा, पॉइंट घासायचे नाहीत, गॅप लावायचा नाही. मी बसवलंय, थंडीत अर्ध्या सेल्फला गाडी चालू होते. साठवायच्या यादीतल्या चार वस्तू एका फटक्यात कमी.

घाटमाथा (११:५०)
अण्णा, किट आंबोलीच्या वळणावर गेलं तर काय कराल? पॉइंट घासून, काडेपेटीच्या कागदाने गॅप लावून माणूस सावंतवाडी गाठतो. मॉड्यूल गेलं की टोचन. बसवायचंच तर बसवा, पण जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट डिकीत ठेवा.

इलेक्ट्रॉनिक_अण्णा (११:५३)
माझं अजून एकदाही गेलेलं नाही.

वारणाकाठ (शुक्रवार, सकाळी ७:२०)
मंडळी, इग्निशन बदलायचं नाही. दुकानातल्या मालाबद्दल बोला ना. काल जेवढं दिसलं ते आठवून लिहितो: हेड गॅस्केटची पाकिटं, ब्रेकची किटं, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पिस्टन-रिंगचे खोके, मेन आणि बिग एंड बेअरिंग, दोन क्लच प्लेट, किंग पिन सेट, टाय रॉड एंड, वॉटर पंप, डायनॅमोचे ब्रश आणि कटआउट, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, दारांची बिडिंग, टेललॅम्पच्या काचा, दाराची हँडलं, एक पुढची काच, एक गिअरबॉक्स (आतून कसा माहीत नाही). एकूण ३५,००० सांगतायत.

कुर्ला_गेट (८:०२)
ही माहिती काल रात्रीच हवी होती. आता नीट लिहितो. मी बरीच वर्षं हाच माल हाताळलाय.

रबर बाजूला काढा, सगळं. ब्रेकची किटं, डायफ्राम, बिडिंग, पाइप. पद्मिनी बनायची थांबली त्याला पाव शतक झालं. तेव्हाचं रबर पाकिटात बसून नव्यासारखं दिसतं, पण बोटाने वाकवलं की बारीक भेगा दिसतात. दिसल्या नाहीत तरी ब्रेकमध्ये घालू नका. वॉशर पहिल्या महिन्यात काम करतं आणि घाटात दगा देतं. ब्रेकचं रबर नेहमी ताजं घ्यायचं, लागेल तेव्हाच, आणि खोक्यावरची तारीख बघून. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर मात्र घ्या. आतला बोअर गंजलेला नसला तर धातूचं अंग सोनं आहे, रबर नवीन घालता येतं.

हेड गॅस्केट सपाट ठेवलेले असतील तरच. कडेला घडी पडलेलं, खिळ्याला टांगून वाकलेलं नको. या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की फेसिंग करून सपाट करावं लागतं, त्यामुळे दोन गॅस्केट तरी घरात असावीत.

पिस्टन आणि बेअरिंग डोळे झाकून उचलू नका. म्हणूनच विचारलं होतं बोअर झालंय का. स्टँडर्ड पिस्टन बोअर केलेल्या ब्लॉकला शून्य उपयोगाचे. क्रँक ग्राइंड झाला असेल तर बेअरिंगही अंडरसाइज लागणार.

आणि डायनॅमोचे ब्रश घेताय, तुमच्या गाडीला डायनॅमो आहे का? हेही विचारलं होतं.

वारणाकाठ (८:१५)
नाही, अल्टरनेटर आहे, वडिलांनीच बसवून घेतला होता. इंजिनही त्यांच्या वेळी एकदा उघडलं होतं, बोअर केलं की नाही ते घरात कोणाला आठवत नाही.

कुर्ला_गेट (८:१९)
मग ब्रश आणि कटआउट सोडा. इंजिनचं ज्या मेकॅनिकने केलं त्याला विचारा. तो नसेल तर हेड उघडल्यावरच कळेल, ओव्हरसाइज पिस्टन असेल तर साइज बहुधा त्याच्या डोक्यावर कोरलेली असते. तोवर पिस्टनचे पैसे वेगळे धरा.

तोरीनोहून (११:१०)
मी इटलीत असतो. पद्मिनीचं मूळ म्हणजे फियाट अकराशे डी, आणि तिचे पार्ट इथे जुन्या गाड्यांवाल्यांकडे अजून मिळतात. इथल्या डीचं इंजिन १२२१ सीसीचं, पद्मिनीचं १०८९ सीसीचं, पण घराणं एकच. इथून मागवा, गुणवत्तेची काळजी नको.

कुर्ला_गेट (११:२५)
इंजिनचे काही पार्ट चालतील, पण पद्मिनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बदल होत गेले, त्यामुळे १९८६ च्या गाडीला प्रत्येक गोष्ट मापून घ्यावी लागेल. तिकडे अकराशे आर पण बरीच आहे, तिला पुढे डिस्क ब्रेक. तो माल चुकून आला तर इथे काही कामाचा नाही. शिवाय टपाल आणि कस्टम धरलं तर एका गॅस्केटच्या पैशात इथे चार येतील.

तोरीनोहून (११:३२)
डीच मागवायची असं मी म्हटलंय. पण मापून घ्या हे मान्य.

नाना_पेठ (दुपारी १:०५)
पुण्यात नाना पेठेत एक-दोन दुकानांत पद्मिनीचा माल अजून निघतो, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशीब असेल तर हबकॅप आणि हँडलं दिसतात. त्यामुळे ३५,००० एकदम देऊ नका. भंगारवाला वजनावर काय देणार त्यांना? पंधरात बोला.

गिरगाव_ते_गुहागर (१:२०)
नाना, त्या मालकांनी हा माल इतकी वर्षं सांभाळला, पावसाळ्यात गंजू दिला नाही, भाडं भरलं. त्यांना भंगाराच्या भावाची भीती घालून पंधरावर आणायचं हे मला पटत नाही. नको असलेला माल बाजूला काढा, हव्या असलेल्याचे योग्य पैसे द्या.

नाना_पेठ (१:२८)
ताई, बाजार म्हटला की घासाघीस आलीच. फसवा असं मी म्हणत नाही.

उद्यमनगरकर (२:१०)
एक सांगू का? तो गिअरबॉक्स सोडू नका. काल मी लेथचं म्हटलं, पण आख्खा गिअरबॉक्स लेथवर होत नाही हे मीही मान्य करतो. झाकण काढून दात बघा, कडा गोल झाल्यात का, कुठे चिप उडालीय का. इनपुट शाफ्ट हाताने हलवून किती खेळ आहे बघा. आतून अगदीच वाईट असला तरी हाउसिंग कामाला येतं. बेअरिंग मी बदलून देईन.

घाटमाथा (४:४५)
पेट्रोलचं कोणी बोललंच नाही. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं. एसी पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलचा पाइप दुकानातला जुना अजिबात घेऊ नका. नवीन पाइप व्हायटनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) मागा. कार्बोरेटरची निडल आणि जेट पितळेचे असतील तर घ्या.

वारणाकाठ (रात्री ९:३०)
आभार. पुढची काच घ्यावी का? ठेवायला जागा नाही, बायको आत्ताच विचारतेय की हे सगळं कुठे ठेवणार.

कुर्ला_गेट (९:४४)
पहिली तीच घ्या. बाकी कशाशिवायही गाडी महिनाभर उभी राहील, पुढची काच फुटली तर पावसाळाभर उभी राहील. भिंतीला टेकवून उभी ठेवा, खाली लाकडाची पट्टी आणि घोंगडी. आडवी ठेवून वर काही रचलं तर दाबाने तडकते. टेललॅम्पच्या काचा आणि हँडलंही घ्या, ती बनवता येत नाहीत आणि नाना पेठेतही रोज मिळत नाहीत.

उरलेलं ठेवताना: बेअरिंगचा तेलकट कागद उघडू नका. बसवताना जुनं सुकलेलं तेल पुसून ताजं इंजिन ऑइल लावा. क्लच प्लेटला तेल-ग्रीसचा हात लागू देऊ नका. किंग पिन, टाय रॉड यांना ग्रीस चोळून प्लास्टिकमध्ये. कंडेन्सर मल्टिमीटरवर तपासा, ०.२ मायक्रोफॅरॅडच्या आसपास यायला हवा. जुने कंडेन्सर पडून पडूनही जातात, म्हणून चार घेतले तर दोन चांगले निघतील असं धरा. आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने पार्ट, साइज आणि कुठल्या गाडीचा ते लिहा. दहा वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही.

इलेक्ट्रॉनिक_अण्णा (१०:०१)
कंडेन्सरमध्ये चारातले दोन खराब निघणार असतील तर माझं म्हणणं पुन्हा एकदा विचारात घ्यावं.

वारणाकाठ (शनिवार, संध्याकाळी ६:५०)
जाऊन आलो. रबर, डायनॅमोचा माल आणि पिस्टन सोडून सगळं २४,००० ला ठरलं. मालक लगेच तयार झाले, वर दोन फॅन बेल्ट दिले, ते कुर्ला_गेट यांच्या सांगण्याप्रमाणे वाकवून बघितले, एक बरा आहे. गिअरबॉक्सचं झाकण उघडलं, दुसऱ्या गिअरच्या दोन दातांची कड उडालीय, बाकी ठीक. हेड गॅस्केट चारपैकी तीन सपाट निघाली. उद्या सकाळी टेम्पो घेऊन जातोय. पिस्टनचे खोके अजून तिथेच आहेत, स्टँडर्ड साइज. कोणाला हवे असतील तर उद्या संध्याकाळच्या आत सांगा, मालकांशी बोलतो.

घाटमाथा (७:०८)
मला हवेत. माझं इंजिन स्टँडर्डच आहे, मागच्या वर्षी उघडून बघितलंय. निरोप पाठवतो, पैसे आत्ता टाकतो.

गिरगाव_ते_गुहागर (७:१५)
टेललॅम्पच्या काचा किती आहेत? डावी जास्तीची असेल तर बाबांसाठी एक ठेवाल का? टॅक्सी गेली, पण घरची पद्मिनी त्यांनी ठेवलीय आणि डाव्या काचेला चिकटपट्टी लावून चालवतायत.

वारणाकाठ (७:२२)
ताई, डाव्या तीन आहेत. एक तुमच्या बाबांची. पत्ता निरोपात पाठवा.