नक्श-ए-रुस्तमला थांबण्यात अर्थ आहे का?

मुसाफिर_एक: इराणमध्ये शिराझला मुक्काम आहे, तिथून गाडी करून एका दिवसात पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी सम्राटांच्या राजधानीचे अवशेष, बघून परत यायचंय. ड्रायव्हर म्हणतो नक्श-ए-रुस्तम जवळच आहे, तेही उरकून टाकू. पण फोटोत बघितलं तर कड्यात उंचावर कोरलेली चार थडगी, आणि वर जाऊच देत नाहीत म्हणे. मग खालून मान वर करून दोन फोटो काढायचे नि निघायचं, एवढंच असेल तर पर्सेपोलिसलाच निवांत थांबू का?

दगडधोंडे: अहो सोडू नका! खरी गंमत खालीच आहे. थडगी हखामनी राजांची, म्हणजे पर्सेपोलिस बांधणाऱ्या घराण्याची, पण त्यांच्या खालची मोठमोठी शिल्पं सासानी या नंतरच्या इराणी घराण्याच्या राजांनी जवळजवळ सातशे वर्षांनी कोरून घेतलीत, म्हणजे थोरामोठ्यांच्या फोटोखाली आपलाही फोटो लावून घ्यावा तसं. ती अगदी समोरून बघता येतात. सासानी राजा शापूर पहिला घोड्यावर, पुढे एक रोमन गुडघा टेकून, आणि दुसऱ्या रोमनाचं मनगट शापूरने घट्ट धरलंय, तो बादशहा व्हॅलेरियन, इ.स. २६० मध्ये पकडलेला. गुडघे टेकलेल्याचा झगा वाऱ्याने फुगलेला दिसतो तो बघाच, दगड वाटत नाही. अर्दाशीर राजाचं शिल्पही चुकवू नका, त्याच्या आणि अहुरमज्द देवाच्या अशा दोन्ही घोड्यांच्या पायाखाली एकेक शत्रू आडवा पडलाय.

सावकाश_जा: दुर्बीण असेल तर न्या. चारपैकी दारियस पहिल्याचं थडगं तेवढं शिलालेखामुळे नक्की कळतं, बाकीची झर्क्सीस वगैरेंची मानतात. दारियसच्या थडग्यावर सिंहासन उचलून धरलेले ३० जण आहेत, साम्राज्याच्या एकेका मुलखाचा एकेक माणूस, त्यात गांधार आणि सिंधकडचेही आहेत. नुसत्या डोळ्यांनी खालून काही कळत नाही. आणि समोरचा तो चौकोनी दगडी मनोरा, काबा-ए-जरतुश्त, लोक त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात, पण शापूरने आपल्या लढायांची हकीकत त्याच्यावरच तीन भाषांत कोरून ठेवलीय, एक त्यातली ग्रीक.

मुसाफिर_एक: बरं, थांबतोच मग. पण थडगं जवळून बघायचंच असेल तर?

दगडधोंडे: त्यासाठी पर्सेपोलिसच. तिथे मागच्या डोंगरात तशीच दोन आहेत, चढून पार समोर जाता येतं. हां, रोख पैसे जवळ ठेवा, आपली कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, आणि टोपी विसरू नका, सावली नावालाही नाही.