विषय: न्यू जर्सीतून कोल्हापूरच्या कोर्टात साक्ष?

प्रेषक: राजारामपुरीकर

मंडळी, नमस्कार. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या मेलांत हा प्रश्न हरवू देऊ नका. आईच्या मृत्युपत्रावरून भावंडांत दिवाणी दावा सुरू आहे, कसबा बावड्याच्या कोर्टात. मृत्युपत्रावर सह्या केलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक वारले. दुसरे काका इथं न्यू जर्सीत मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, विमानात बसायचं नाव काढत नाहीत. त्यांनी शपथपत्र पाठवलं तर भागेल? की व्हिडिओवर साक्ष चालते?

प्रेषक: शिवाजी पेठवाला

ताई, चालत असेलही, मला पटत नाही. आमच्या जमिनीच्या दाव्यात समोरचा साक्षीदार उलटतपासाला उभा राहिला आणि नुसता रुमाल चाचपायला लागला. तिथंच सगळं कळलं. स्क्रीनवर हे दिसणार हाय का? इथल्या अमेरिकेच्या फेडरल कोर्टांचा नियम ४३ पण तेच सांगतो: साक्ष भर कोर्टात. लांबून द्यायची तर सबळ कारण, निकडीची परिस्थिती आणि पुरेशी खबरदारी पाहिजे. नुसती गैरसोय चालत नाही. २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या (इथल्या पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील कोर्टानं तर कोर्टापासून १०० मैलांपलीकडच्या माणसाला समन्स काढून व्हिडिओवरही बसवता येणार नाही म्हणून सांगितलं.

प्रेषक: वकीलकाका (निवृत्तीनंतर मुक्काम कोल्हापूर)

पेठवाले, तो १०० मैलांचा वाद जबरदस्तीनं बोलावलेल्या साक्षीदाराचा. ताईंचे काका राजीखुशीनं बोलायला तयार आहेत.

ताई, शपथपत्रावर सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, होतो; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २००२ च्या दुरुस्तीपासून तीच पद्धत आहे. पण उलटतपास चुकत नाही. त्यात मृत्युपत्र शाबीत करायला, हयात असलेला आणि साक्ष देऊ शकणारा एक तरी साक्षीदार कोर्टापुढे आणावा लागतो. समोरचे वकील नेमके इथंच धरतील.

व्हिडिओला कायद्याची आडकाठी नाही. २००३ मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष अशीच घ्यायला मुभा दिली. प्रकरण फौजदारी होतं, पण त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयानं दिवाणी दाव्यातही ते मान्य केलं. आता मुंबई उच्च न्यायालयाचे २०२२ चे नियमच आहेत. अर्ज द्यायचा, समोरच्यांचं म्हणणं येईल, मग कोर्ट ठरवेल. साक्षीदार परदेशात असला की त्याच्याजवळ समन्वयक म्हणून भारतीय कॉन्सुलेटचा किंवा दूतावासाचा अधिकारी लागतो. खरी मेख इथं आहे. इथं सकाळचे ११ म्हणजे हिवाळ्यात तुमच्याकडं रात्रीचे साडेबारा. कॉन्सुलेट ९ ला उघडलं तरी इथं संध्याकाळचे साडेसात, कोर्टाला कुलूप. म्हणून वेळेची विनंती अर्जातच घाला आणि कॉन्सुलेटला आधी पत्र लिहा. नुसतं 'परवानगी द्यावी' लिहून आलेले अर्ज मी लोंबकळताना पाहिलेत.

दुसरं, मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या फायलीत आणि सही ओळखायची काकांनी. त्याची स्कॅन प्रत समन्वयकाकडे आधीच पोचू द्या, नाहीतर 'दाखवलेली सही माझीच' हे वाक्य कशाबद्दल आहे यावरच अर्धा तास जाईल.

अर्ज फेटाळलाच, तर मुंबईची वारी नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर बसतंय.

आणि पेठवाले, रुमालाचं म्हणाल तर उलटतपास कोर्टानं नेमलेल्या कमिशनरपुढेही होतो. साक्षीदाराच्या वागण्याचा शेरा कमिशनर लिहितो, जजसाहेब नंतर कागद वाचतात. त्यापेक्षा स्क्रीनवर जजना चेहरा तरी दिसतो.

प्रेषक: शिवाजी पेठवाला

चेहरा दिसतो, पण कॅमेऱ्यामागं कोण हातवारे करतंय ते कुठं दिसतं?

प्रेषक: वकीलकाका

म्हणूनच तर अधिकारी बसवायचा. कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या खोलीत दुसरं कोणी थांबायचं नाही, पढवायचं नाही.

प्रेषक: राजारामपुरीकर

वकीलकाका, आमच्या वकिलांना दोन्ही मुद्दे कळवलेत, पुढच्या तारखेला अर्ज देतील. अडचण एवढीच की साक्षीदार काकांना ऐकू कमी येतं आणि मुलगा शेजारी बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत सांगतो. श्रवणयंत्राचं अर्जात लिहायला सांगू का?

प्रेषक: वकीलकाका

लिहाच. आणि मुलाला आत्ताच सांगून ठेवा, त्या दिवशी तो बाहेर.