सावध स्ट्रायकिंग म्हणजे कंटाळा? मला तरी पटत नाही

रावपुऱ्याचा_साउथपॉ

आमच्या बडोद्यातल्या जिमच्या ग्रुपवर काल एकाने यूएफसी २४८ मधल्या इस्राएल अडेसान्या – योएल रोमेरो लढतीचा तुकडा टाकला आणि खाली लिहिलं, "ह्यापेक्षा न्यायमंदिरापाशी ट्रॅफिकमध्ये उभं राहिलेलं बरं." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितोय.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यूएफसी म्हणजे पिंजऱ्यातल्या एमएमए लढती भरवणारी कंपनी; एमएमएत ठोसे-लाथा (म्हणजे स्ट्रायकिंग) आणि कुस्तीची पकड दोन्ही चालतं. मार्च २०२०, लास वेगस, मिडलवेटचा पट्टा पणाला. रोमेरो म्हणजे सिडनी ऑलिंपिकचा रौप्यपदकविजेता मल्ल, आणि हातात असा दणका की एक बसला तर समोरच्याचा कार्यक्रम संपला. लढत सुरू झाली आणि हा दोन्ही हात डोक्याशी धरून मध्यभागी नुसता उभा! अडेसान्याही जवळ जाईना, लांबूनच पायावर लाथा घालत बसला. पंचवीस मिनिटं असंच. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, जजनी एकमताने अडेसान्याला जिंकवलं.

लढत रटाळ होती, वादच नाही. पण सावधपणामुळे रटाळ होती हे मला मान्य नाही. दोघंही समोरच्याच्या चुकीवर जगणारे, आणि दोघांनी ठरवलं की आधी तू ये. सापळा एकाने लावला तर बघायला मजा येते, दोघांनीही लावला तर अडकणार कोण?

आता ह्याच अडेसान्याची यूएफसी २८७ बघा, एप्रिल २०२३, मायामी. समोर अलेक्स परेरा. ह्या परेराने त्याला किकबॉक्सिंगमध्ये दोनदा आणि यूएफसीत एकदा हरवलेलं. दुसऱ्या फेरीत अडेसान्या जाळीला पाठ लावून उभा आहे, पिंडरीवर लाथा खाऊन झाल्यात, दोन्ही हात वर. परेराला वाटलं सापडला. गुडघा घातला, हुक (बाजूने वळवून मारलेले ठोसे) सोडले, आणि हुक सोडताना हनुवटी उघडी पडली. त्याच्या हातावरून अडेसान्याचा उजवा आला, पाठोपाठ आणखी एक. संपलं. जाळीला टेकून झाकून उभं राहण्याइतकं 'बचावात्मक' दुसरं काय असतं?

मी तर लढत बघताना हातांकडे बघतच नाही, पुढच्या पावलाकडे बघतो. एक डावखुरा आणि एक उजवा असेल तर दोघांची पुढची पावलं समोरासमोर येतात, आणि ज्याचं पाऊल बाहेरच्या अंगाला त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. त्या वीतभर जागेसाठी जे चालतं ना, तीच खरी लढत. एकदा नजर बसली की एकही ठोसा न पडलेलं मिनिटसुद्धा भरलेलं दिसतं.

मांजलपूर_नॉकआउट

भाऊ, एवढं समजावून सांगावं लागतं तिथेच गाडी अडली ना? रविवारी सकाळी झोप मोडून, गरम फाफडा थंड करून मी टीव्हीसमोर बसतो ते कोणाचं पाऊल बाहेरच्या अंगाला आहे हे बघायला?

आणि २४८ चं उदाहरण तूच दिलंस ते बरं केलंस. त्याच रात्री, त्याच पिंजऱ्यात, तुझ्या अडेसान्याच्या आधी झांग वेली आणि योआना येंद्रझेचिक लढल्या. पाच फेऱ्या. योआनाचं कपाळ सुजून असं वर आलं की ओळखू येईना, पण दोघींपैकी एकही पाऊल मागे घेत नव्हती. निकाल विभागून (तीन जजपैकी दोघांच्या मताने), झांगच्या बाजूने. त्या दोघींकडे तंत्र नव्हतं? योआना तर मुए थाईत वाढलेली. तेव्हा तंत्र हवं असेल तर सावधपणाही घ्यावाच लागेल ही जोडी आधी तोड. तंत्र मलाही आवडतं. तंत्राच्या नावाखाली टाइमपास आवडत नाही.

दांडियाबाजारचे_आजोबा

तुम्हा मुलांना वाटतं हा वाद पिंजरा आल्यावर सुरू झाला. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने उचललेला म्हणून जो दगड ठेवलाय, तो तरी पाहिलाय का कोणी? त्याच गामाची गोष्ट सांगतो.

१० सप्टेंबर १९१०, लंडन. गामासमोर पोलंडचा झबिस्को, अंगाने गामापेक्षा थोराड. सुरुवातीलाच गामाने त्याला खाली घेतलं, आणि त्यानंतर त्या गृहस्थाने काय केलं, तर पालथा पडून मॅटला चिकटला. अडीच तासांहून जास्त वेळ! गामा वरून डाव टाकतोय, हा हलत नाही. शेवटी बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी पुन्हा ठरली तर झबिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्याला पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

बचाव हीसुद्धा कला, हे आम्हाला वस्तादांनी शिकवलंय. पट निघाला तर बैठक कशी मारायची, खालून निसटायचं कसं, सगळं. पण लाल मातीत जो नुसती खडाखडी करत राहील त्याला लोक बाहेरून ओरडायचे, "धर की!" आणि वस्ताद ओरडणाऱ्यांना गप्प करत नसत. लोक पैसे देऊन निकाल बघायला आलेत हे त्यांनाही कळत होतं.

रावपुऱ्याचा_साउथपॉ

काका, नमस्कार. दगड पाहिलाय, शाळेच्या सहलीत. पण झबिस्कोला मी दोष देणार नाही. समोर गामा, वेळेची मर्यादा नाही, हरलो तर युरोपभर नाचक्की. त्याने न हरणं निवडलं. बघणाऱ्याला त्रास झाला हे खरं, पण लढणारा बघणाऱ्यासाठी लढतो का?

@मांजलपूर, झांग-योआना मला तुझ्याइतकीच आवडते. पण अशा लढती वर्षाला किती होतात? ती फूटपट्टी लावलीस तर बाकी सगळ्याच लढती आखूड पडतील.

गोत्री_कोच

मी शिकवतो, म्हणून थोडं नियमांबद्दल बोलतो. इथे सगळे लढणाऱ्यांना शिव्या घालताहेत, गुण कसे मिळतात ते कोणी सांगत नाही.

जज आधी बघतात की कोणाच्या माऱ्याचा किंवा पकडीचा परिणाम जास्त झाला. तिथे दोघं अगदी समान वाटले तरच आक्रमकता मोजायची, आणि त्यातही समान असतील तर पिंजऱ्यावर ताबा कोणाचा. म्हणजे पुढे पुढे चालत येऊन हवेत हात फिरवणाऱ्याला काहीच मिळत नाही, आणि मागे सरकत तीन स्वच्छ काउंटर (उलट फटके) मारणारा फेरी घेऊन जातो. त्यात अनेकांचं मानधन दोन भागांत असतं, उतरल्याचे अमुक आणि जिंकल्याचे तेवढेच वर. मग आघाडीवर असलेला शेवटच्या फेरीत कशाला अंगावर घेईल? तुम्ही घ्याल?

उपाय नाहीत असं नाही. जपानच्या प्राइड ह्या एमएमए स्पर्धेत रेंगाळलं की पिवळं कार्ड मिळायचं आणि मानधनातले दहा टक्के कापले जायचे. फ्रीस्टाइल कुस्तीत आज निष्क्रिय मल्लाला तीस सेकंद देतात, त्यात गुण नाही केला तर समोरच्याला एक गुण. एमएमएच्या नियमांतही लढणं टाळणं हा फाउल आहे, पण तो कागदावर. त्यासाठी गुण कापायचं धाडस रेफरी करत नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी सहा महिने पाय, अंतर आणि गार्डच शिकवतो. पालक विचारतात, "सर, मारायला कधी शिकवणार?" तेही एका अर्थी मांजलपूरच्याच बाजूचे.

मांजलपूर_नॉकआउट

कोच सर, मुद्दा पटला, पण त्याने माझीच बाजू भक्कम झाली. नियम सावधपणाला पैसे देतात म्हणून तो होतो, तो सुंदर आहे म्हणून नाही. आयकर वाचवणं कायदेशीर आहे, ते बघायला कोणी तिकीट काढत नाही.

@रावपुरा, एन्गानू – डेरिक लुईस विसरलास का? जुलै २०१८, यूएफसी २२६. जगातले दोन सर्वांत जबर ठोसेबाज, पंधरा मिनिटं, आणि दोघांचे मिळून मोजण्यासारखे फटके ३१. एकतीस! पुढचं पाऊल तिथे कुठे बघू?

रावपुऱ्याचा_साउथपॉ

ते तंत्र नव्हतंच. एन्गानू स्वतः नंतर म्हणाला की आधीच्या लढतीची भीती मी ह्या लढतीत घेऊन आलो. आधीच्या म्हणजे मिओचिचकडून पाच फेऱ्या मार खाल्ला ती. भीती आणि सावधपणा बाहेरून सारखे दिसतात, पण सावध माणूस हूल देतो, अंतर मोजतो, समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यायला बघतो. घाबरलेला नुसता वेळ काढतो. सिल्वा – माया (अबुधाबी, २०१०) ह्या दोन्हींत बसत नाही, हेही आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी ती काढेलच. तिथे अँडरसन सिल्वा घाबरलेला नव्हता आणि सावधही नव्हता, जिंकलेली लढत नाचत, चिडवत घालवत होता. यूएफसीचा प्रमुख डेना व्हाइट मधेच उठून गेला. त्या दिवशी मी डेनाच्या बाजूने.

घडियाळी_पोळ

उत्तरायणाला आमच्या धाब्यावर या. खेच मारणारा दोन मिनिटांत दहा पतंग काढतो नाहीतर स्वतःचा घालवतो. ढील देणारा अर्धा तास एकच पेच लढतो आणि आजूबाजूची सगळी धाबी श्वास रोखून बघतात. कंटाळतं का कोणी?

मांजलपूर_नॉकआउट

अहो पोळवाले, पण ढील द्यायला आधी पेच तर लागला पाहिजे! एन्गानू-लुईसचे पतंग दोन वेगवेगळ्या पोळांत (गल्ल्यांत) उडत होते.

घडियाळी_पोळ

हे बाकी बरोबर बोललास 😄

फतेगंजची_फिजिओ

मी खेळाडूंबरोबर काम करते, त्यामुळे तुमच्या 'मजा' ह्या शब्दावर माझा आधीच राग आहे. चार औंसाचा ग्लव्ह म्हणजे मुठीवर जेमतेम गादी. बॉक्सिंगमध्ये आठ-दहा औंसाचे असतात. डोक्यावरचा प्रत्येक मोठा फटका कुठेतरी जमा होतो. जो मार चुकवत लढतो तो चाळिशीत नीट बोलू शकावा म्हणूनही तसा लढत असेल, हे तुमच्यापैकी एकानेही लिहिलं नाही. कोच सर, तुम्हीसुद्धा नाही.

पण मला वेगळंच विचारायचंय. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यूएफसीतली तिची पहिली लढत लढली. वुशूत (चिनी मार्शल आर्ट) वाढलेली, लाथा मारत अंतर राखणारी. तिसऱ्या फेरीत तिने लाथेने समोरचीला खाली पाडलं, मग सगळं जजवर. निकाल विभागून, पण जिंकली. यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय महिला. तेव्हा तुमच्यातल्या कोणाला कंटाळा आला होता? "पूजा, जरा धमाल कर, अंगावर घे" असं कोणी टीव्हीला सांगितलं का? आमच्या घरी तर सासूबाई म्हणत होत्या, "लांब राहा गं, लांब राहा!" आपलं माणूस आत असलं की सावधपणा एकदम रंगतदार होतो.

दांडियाबाजारचे_आजोबा

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना कुस्ती कळते.

मांजलपूर_नॉकआउट

ताई, तब्येतीच्या मुद्द्यावर मी काही बोलू शकत नाही, बोलणारही नाही. पण पूजाच्या वेळी आपण देश बघत होतो, स्ट्रायकिंग नाही. एखाद्या अनोळखी बाईने तीच लढत दिली असती तर निम्म्या लोकांनी चॅनल बदललं असतं, आणि हे तुम्हालाही माहितेय.

आता माझा हुकमाचा पत्ता. यूएफसी ३००, एप्रिल २०२४. मॅक्स हॉलोवे विरुद्ध जस्टिन गेजी. शेवटचे दहा सेकंद. मॅक्स गुणांवर पुढे होता, नुसता पळाला असता तरी जिंकला असता. त्याऐवजी त्याने बोट खाली करून पिंजऱ्याचा मध्य दाखवला, ये इथे, आणि दोघं उभे राहून एकमेकांना हाणायला लागले. एक सेकंद उरलेला असताना गेजी तोंडावर आडवा. कोच सरांचं सगळं गणित त्या माणसाने दहा सेकंदांत बाजूला ठेवलं. म्हणून लोक त्याला डोक्यावर घेतात.

रावपुऱ्याचा_साउथपॉ

आणि त्याआधीची चोवीस मिनिटं पन्नास सेकंद? पहिल्या फेरीच्या शेवटी वळून मारलेल्या लाथेने त्याने गेजीचं नाक फोडलं, मग अंतर, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), बाजूला सरकणं, पुन्हा जॅब. गेजीसारख्या माणसाला त्याने एवढा वेळ जवळ येऊ दिलं नाही म्हणून तो शेवटी बोट दाखवायच्या स्थितीत होता. तू दहा सेकंदांची रील बघितलीस, मी लढत बघितली.

मांजलपूर_नॉकआउट

मी पूर्ण बघितलीये रे! आवडलीही. कारण मॅक्स सगळा वेळ *मारत* होता. सावध असूनही एका फेरीत ढिगाने फटके. तुझा मुद्दा सावध माणसाचा होता, मॅक्स तुझ्या पार्टीत कधीपासून?

गोत्री_कोच

हा प्रश्न रास्त आहे. अंतर राखणं आणि काम न करणं ह्या दोन गोष्टी आहेत, आणि रावपुऱ्याने वर अडेसान्या-रोमेरोपासून सुरुवात करून स्वतःचंच नुकसान केलं. लियोन एडवर्ड्सने ऑगस्ट २०२२ मध्ये उस्मानला डोक्यावर लाथ मारून पाडलं, ते उदाहरण घ्यायला हवं होतं. पाचवी फेरी, मिनिटभरही उरलेलं नाही, गुणांवर मागे. डाव्या हाताची हूल दिली, उस्मान ती चुकवायला ज्या बाजूला झुकला त्याच बाजूने लाथ आली. माझ्या मुलांना मी ते हळू गतीत दाखवतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच्या आधीच्या दोन-तीन फेऱ्या मी मुलांना दाखवत नाही. त्या बघवत नाहीत.

दांडियाबाजारचे_आजोबा

रावपुऱ्याच्या पोराने सांगितलेली ती मायामीची लढत नातवाने मोबाइलवर लावून दिली. जाळीला टेकून मार खात होता तो डाव होता, हे मला दुसरा पडल्यावर कळलं. तोवर मी नातवाला म्हणत होतो, गेला हा. आता मला सांग, डाव आहे हे आधीच कळलं असतं तर मला जास्त मजा आली असती की कमी?

रावपुऱ्याचा_साउथपॉ

काका, दुसऱ्यांदा बघा. उजवा हात कधी भरून ठेवलाय ते दिसेल.

मांजलपूर_नॉकआउट

म्हणजे मजा यायला दोनदा बघायचं. पैसे एकदाच भरलेत हो!