एचएमव्हीची शंभर मराठी गाणी निवडायची तर कुठली?

खरखर_७८
आम्ही रेकॉर्डी जमवणाऱ्या मित्रांनी मिळून एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या मराठी गाण्यांची शंभराची यादी करायला घेतलीये, तीसच्या दशकापासून एलपीचा, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्यांचा जमाना संपेपर्यंतची, आणि पहिल्या मसुद्यावरच माझं वाजलंय. यादीत 'शुक्रतारा' आहे, 'मी डोलकर' आहे, 'जय जय महाराष्ट्र माझा' आहे, उत्तमच गाणी सगळी, पण ती प्रत्येक सीडीत, प्रत्येक दिवाळी पहाटेला असतातच की, मग आपण निवडलं काय?

कंपनीचा संच काढताय तर त्यातनं कंपनी दिसली पाहिजे. जी. एन. जोशी घ्या. वकिली शिकलेला माणूस, ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' गायला, ती रेकॉर्ड घरोघरी गेली आणि भावगीताला रस्ता मोकळा झाला, पुढे हेच जोशी कंपनीत रेकॉर्डिंगचं काम बघायला लागले आणि बेगम अख्तर, बडे गुलाम अली खाँ अशा मंडळींची रेकॉर्डिंग त्यांनी केली. हा धागा यादीत कुठे आहे? ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे बैठकीत अर्धा तास रंगणारं नाट्यपद तेवढ्यात बसवायला लागायचं, आलाप नाही, लगेच मुखडा, कडवी कापलेली. त्या घाईतच गाण्याचं एक वेगळं रूप तयार झालं आणि ते ऐकवायला हिट गाणीच लागतात असं नाही.

म्हणून माझे नियम: एका गायकाची दोनच गाणी, सिनेमाची गाणी नकोत, आणि निदान तीसेक गाणी रेकॉर्डच्या मागच्या बाजूची.

वहीतली_गाणी
तीव्र असहमत. मागच्या बाजूचं गाणं बहुतेक वेळा मागे असतं कारण ते तेवढं जमलेलं नसतं. कंपनी म्हणजे धंदा होता हो दादा, लोकांनी पैसे मोजून जे घरी नेलं तोच तिचा इतिहास. शुक्रतारा वगळून तुम्ही खळे-पाडगावकर-अरुण दाते ही जोडणी नव्या पोरांना कशी सांगणार? ज्यांनी ते गाणं कधी ऐकलंच नाही अशी वीस वर्षांची मुलं आहेत, तुम्हाला कंटाळा आला म्हणून त्यांनी का मुकायचं?

आणि लताबाईंची दोनच? ज्ञानेश्वरांच्या विराण्या, तुकोबांचे अभंग, कोळीगीतं, १९७४चं शिवकल्याण राजा. काढा दोन.

वाईकर
सिनेमा नको म्हणताय पण त्याने काय होतं बघा, सुलोचना चव्हाणांची लोकांच्या तोंडी असलेली लावणी सिनेमातलीच आहे, 'सोळावं वरीस' १९६४च्या सवाल माझा ऐकामधलं, 'पदरावरती जरतारीचा' १९६५च्या मल्हारी मार्तंडमधलं. तुमच्या नियमाने बाई जवळपास बाहेर आणि भावगीतवाले सगळे आत, कारण त्यांची खाजगी रेकॉर्ड निघायची. नियम सरळ दिसतो पण चाळणी कोणासाठी बारीक आहे ते बघा ना. मसुद्यात प्रल्हाद शिंदे आहेत का? विठ्ठल उमप? शाहीर साबळे एका गाण्यापुरते?

खरखर_७८
वाईकर, मुद्दा मान्य, लावणीला सिनेमाचा नियम लावायचा नाही. शिंदे-उमप मसुद्यात नाहीत आणि ते मलाही सलतंय. पण याचाच अर्थ हिटची यादी करायला बसलं की त्याच चार पेठांमधली गाणी वर येतात.

वहीतली_गाणी
प्रल्हाद शिंदे हिट नाहीत?? पंढरीच्या वाटेवर जाऊन विचारा. प्रश्न हिट-बिगरहिटचा नाहीच, कोणाचे हिट मोजता हा आहे.

मडगावचो
मुंबई शाखेने कोकणी गाणीसुद्धा काढली, ख्रिस पेरींच्या संगीतातली, गोव्याची गायिका लोर्ना हिची १९७१ची 'बेबदो' एचएमव्हीचीच. ती घेणार का?

वाईकर
मराठीच्या संचात एक कोकणी गाणं तोंडी लावायला नको. त्यांचा वेगळा संच व्हावा, तेवढा ऐवज नक्की आहे.

मडगावचो
वेगळा संच कधी निघणार ते सांगा, मग बोलू.

चैत्रबन
गीतरामायणातलं एक तरी हवंच, माणिक वर्मांच्या आवाजातलं घ्या की.

सुई_बदला
ते १९५५-५६चं पुणे आकाशवाणीचं, छप्पन्न गाणी आणि बरेच गायक. एचएमव्हीने नंतर एलपी काढल्या त्या एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजात. संच कंपनीचा असेल तर फडकेच घ्यावे लागतील, आणि मला तर त्यातला एकसंधपणा जास्त आवडतो.

दुसरं, गाणं ठरलं म्हणजे काम झालं असं नाही, ध्वनिमुद्रण कुठलं ते ठरवा. कितीतरी जुनी गाणी एलपी आल्यावर पुन्हा गाऊन घेतली, वाद्यं वाढली, गळा वीस वर्षांनी थोराड झालेला. असल्या संचात मूळ ७८च हवी. आणि कृपा करून खरखर पुसायच्या नादात वरचे स्वर खाऊ नका, तंबोऱ्याची जवारी (तारांची गुंज) आणि 'स', 'श' आधी मरतात. थोडी खरखर चालेल पण आवाज कोंदट नको.

वहीतली_गाणी
पूर्ण सहमत, आणि त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. शुक्रतारा मूळ रेकॉर्डवरून नीट ऐकवा, मोबाईलवर चेपलेलं ऐकणाऱ्याला ते नवंच वाटेल.

खरखर_७८
ठीक, शुक्रतारा मूळ रेकॉर्डवरून घेऊ. पण गजानन वाटव्यांचं एकच आणि ज्योत्स्ना भोळेंचं एकच हे मला चालणार नाही, त्यांची दोन-दोन हवीत, आणि त्यासाठी साठच्या दशकातली चार जाणार. लताबाईंची माझी दोन 'मोगरा फुलला' आणि शिवकल्याण राजामधलं एक.

वहीतली_गाणी
म्हणजे लताबाईंचं 'मी डोलकर' बाहेर? त्यात हेमंतकुमार मराठीत गायले ते बाहेर? वाटव्यांची दोन घ्या, हवी तर तीन घ्या, पण हे गाणं काढलंत तर मसुद्यावरनं माझं नाव काढा.